झडप बंद झाली

९ जानेवारी

आज वहीत दोनशे सतरावी भट्टी चढवली. पोस्टमनच्या घरची. विटा ओल्या निघाल्या, त्याच्यावर यथेच्छ ओरडलो आणि मग त्याच विटांनी बांधून दिली, कारण बाहेर उणे तीस आणि घरात तान्हं मूल. ही वही तशी मी बांधलेल्या, घरं तापवायच्या भट्ट्यांचीच. तारीख, मालक, किती विटा, धुराडं किती उंच. लुशा म्हणते, "चाळीस वर्षं लिहितोयस, एका ओळीत तरी बायकोचं नाव आहे का?" मी म्हटलं, तुझ्यात विटा कुठे आहेत मोजायला? तिने लाटणं दाखवलं.

संध्याकाळी पत्ते. आमच्या खेळात जिंकणारा कुणी नसतो, हरेल तो मूर्ख. मी सलग चारदा मूर्ख ठरलो. बाई पानं मोजते. कुठलं गेलं, कुठलं राहिलं, सगळं डोक्यात. आणि वर साळसूद तोंड करून विचारते, "येफिम सावेलिच, आपल्याकडे एक्का होता वाटतं?" मला अहोजाहो झालं की समजावं, चिमटा बसणार आहे.

१३ जानेवारी

नदीपलीकडचा कुझ्मा आला होता. लाकडाच्या वखारीवर चांगलाच फुगलाय. पाहुण्यांसाठी घर बांधतोय, तीन भट्ट्या हव्यात. म्हणाला, "शहरातला माणूस स्वस्तात करून देतोय, पण तुझ्या भट्टीचा कधी कुणाला उगार लागला नाही असं सगळे सांगतात."

लागला नाहीच. दोनशे सतरा घरं, एकही माणूस नाही. लाकडं जळून निखारे उरले की धुराड्याची झडप लावायची, म्हणजे ऊब घरात राहते. उशिरा लावली तर ऊब वर गेली, रात्रभर कुडकुडा. निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असताना लावली तर उगार, म्हणजे निखाऱ्यांचा विषारी वायू, घरात येतो. त्याला ना रंग ना वास. डोकं दुखतं, गरगरतं, माणूस झोपतो आणि झोपूनच राहतो. सगळी विद्या त्या पंधरा मिनिटांची. मी जरा लवकरच लावतो, माझ्या धुराड्याची ओढ मला माहीत आहे. लुशा मात्र शेवटची निळी ज्योत जाईपर्यंत भट्टीसमोर स्टूल टाकून बसते. मी तिला भित्री म्हणतो.

१७ जानेवारी

थोडक्यात लिहितो.

काल सकाळी उणे छत्तीस. जागा दाखवायला कुझ्मा गाडी घेऊन आला. इंजिन बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही, म्हणून दारात उभा राहून भोंग्यावर भोंगा. भट्टीत निखारे झाले होते. लुशा कणीक मळत होती. साडेआठच्या सुमारास झडप बंद झाली. मी गेलो.

एक वाजता परत आलो. लुशा दाराशी पालथी पडली होती, एक हात उंबऱ्याकडे. ओकली होती. गाल लाल दिसत होते म्हणून आधी वाटलं, बाई झोपली की काय इथे. हाका मारल्या, गालावर मारलं, काही नाही. झडप उघडली, दार उघडं टाकलं, तिला काखेत धरून ओढत बर्फात आणलं. शेजारची झिनोविया धावत आली, आंबवलेल्या कोबीचं पाणी आणि गोठलेल्या क्रॅनबेरी घेऊन. आमच्याकडे उगार लागला की त्या कानांत घालतात. घातल्या. बऱ्याच वेळाने लुशाने डोळे उघडले. रुग्णवाहिकेतली नर्स आली, तिने आधी कानांतून क्रॅनबेरी काढून फेकल्या. "या बाई कानाने श्वास घेतात का?" असं झिनोवियावर खेकसली आणि प्राणवायूचा मास्क लावला.

तालुक्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत लुशा बसायला लागली होती. डॉक्टरला झोप मिळालेली दिसत नव्हती. म्हणाला, "दोन तास मास्क होता, आता रक्तात फारसं काही सापडणार नाही. तुम्ही सांगाल त्यावर मला चालावं लागेल. बेशुद्ध पडल्या होत्या का? किती वेळ त्या हवेत होत्या?"

मी विचारलं, पडली असती तर?

"तर आजच प्रांताच्या शहरात पाठवायचं. तिथे दाबाची खोली आहे, तिच्यात ठेवून प्राणवायू देतात. डोक्याला नंतर होणारी इजा त्याने टळू शकते. अशी केस असली की अग्निशमनवाल्यांनाही कळवावं लागतं, ते येऊन भट्टीला सील लावतात."

सील. माझ्या भट्टीला. उद्या सगळ्या तालुक्यात बोभाटा. लुशाने मास्कच्या वरून माझ्याकडे बघून डोळा मारला. इतकं शहाण्यासारखं बसलेलं माणूस त्या थंडीत दोनशे किलोमीटर कशाला हलवायचं? मी म्हणालो, "बेशुद्ध नाही हो. गरगरलं म्हणून आडवी झाली. अर्धा तास झाला असेल."

त्याने लिहून घेतलं. अर्धा तास हा तसा अंदाजच. घड्याळ लावून कोण बसलं होतं?

१९ जानेवारी

लुशा घरी आली. डोकं दुखतं, बाकी ठणठणीत. आल्या आल्या वाया गेलेल्या कणकेबद्दल हळहळली. डॉक्टरने महिनाभर दगदग करू नका सांगितलंय. ती म्हणाली, "महिनाभर तू स्वयंपाक करणार? मग मी त्या उगारानेच मेलेली बरी."

हसलो. रात्री मात्र झोप आली नाही.

२१ जानेवारी

कुझ्माचा फोन. बातमी पोचलीच नदीपलीकडे. "सावेलिच, लोक म्हणतात तुझ्याच घरात उगार. मग माझ्या पाहुण्यांचं काय?"

भट्टी निर्दोष आहे हे मला शपथेवर सांगता येतं. काल धुराडं तपासलं, ओढ अशी की कागद हातातून ओढला जातो. तेच त्याला सांगत होतो. तो म्हणाला, "मग झालं कसं?" मी म्हणालो, "घरात बायका असतात ना, बाबा. घाई करतात." एवढंच बोललो. तो हसला आणि म्हणाला, मार्चमध्ये काम सुरू कर.

२४ जानेवारी

झिनोवियाने घोळ घातला. अंगणातूनच लुशाला पूर्ण नावाने हाक मारून ओरडली, "काय गं लुकेरिया, दुसऱ्यांना शिकवायचीस आणि स्वतः निळ्या ज्योतीवर झडप लावलीस?" कुझ्माच्या बायकोने सांगितलं असणार.

लुशा आत आली. त्या सकाळचं तिला काही आठवत नाही. आदल्या संध्याकाळचे पत्ते आठवतात, पुढे एकदम बर्फ आणि कानांत गार.

"झडप मी लावली?"

मी विळी शोधत होतो. म्हणालो, "मग कोण लावणार?"

"पण मी कधी अशी..." ती स्टुलावर बसली. खूप वेळ भट्टीच्या तोंडाकडे बघत राहिली. "म्हातारी झाले म्हणायची. येफिम, तू आत असतास तर?" तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी.

मी खोटं बोललो नाही. फक्त प्रश्न विचारला.

३० जानेवारी

सगळं सुरळीत. डोकेदुखी गेली. तिने माशाचं सारण भरून मोठी पोळी भाजली, तायाला फोनवर तासभर पिडलं (ताया म्हणजे आमची मुलगी, शहरात औषधांच्या दुकानात आहे), आणि मला तीनदा मूर्ख केलं. त्या दिवशी शहरात गेलो असतो तर उगाच हाल झाले असते. देवाची कृपा. त्या गोष्टीचा विचार आता करायचा नाही असं ठरवलं.

७ फेब्रुवारी

आज मी जिंकलो! सलग तीन डाव. लुशाच्या हातात राजा होता आणि तिने टाकला नाही. मी चिडवलं, "काय लुकेरिया मात्वेयेव्ना, आपल्याकडे राजा होता वाटतं?" ती पानं हातात धरून बसली. बाईला हरणं पचत नाही.

१० फेब्रुवारी

पुन्हा जिंकलो. मजा येत नाही. मुद्दाम हरतेय असं वाटतं. झिनोवियाच्या त्या बोलण्यावरून मनात काहीतरी धरून बसलीय. विचारलं तर "काही नाही." दिवसभरात बहुधा तेवढेच दोन शब्द.

१२ फेब्रुवारी

सूप खारट झालं होतं. बोललो. तिने उठून त्यात पुन्हा मीठ घातलं. माझ्या डोळ्यांदेखत! इतका राग? पस्तीस वर्षांत भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती भांडायची तोंडाने, असं मुक्याने नाही. मी ताट सरकवून उठलो. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

१५ फेब्रुवारी

पाणी आणायला गेली ती अर्धा तास आली नाही. बाहेर जाऊन बघतो तर विहिरीपाशी रिकामी बादली घेऊन उभी, हातमोजे नाहीत. "काय करतेयस?" तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोस्टमन आहे. बोटं पांढरी पडली होती. घरी आणून चोळली. चालतानाही पाय उचलत नाही, घासत चालते. मी म्हणालो, नाटकं पुरे झाली लुशा. झालं ते झालं, मी कधी तुला बोललोय का त्यावरून?

१८ फेब्रुवारी

लिहायला लाज वाटते. आज पहाटे अंथरूण ओलं होतं. तिचं. मी ओरडलो. म्हणजे फारच ओरडलो, सूड उगवतेयस का वगैरे. ती उठून कोपऱ्यात उभी राहिली, ओल्या कपड्यांत, शिक्षा झाल्यासारखी. दहा मिनिटांनी मीच तिला पुसली, कपडे बदलले. हात वर कर म्हटलं की वर करायची, खाली कर म्हणेपर्यंत तसाच ठेवायची.

राग धरून कुणी असं वागत नाही. हे मला कळतं. मग काय आहे ते कळत नाही. की कळतंय?

२० फेब्रुवारी

तायाला फोन केला. तिने आईला फोन द्यायला सांगितलं. लुशाने फोन कानाला लावला आणि नुसती ऐकत राहिली. तायाचा आवाज मला लांबून ऐकू येत होता, आधी आई, आई, मग रडणं. मी फोन घेतला.

"बाबा, हे कधीपासून?"

"दोन आठवडे. रुसलीय म्हणून..."

"रुसलीय? बाबा, तुला वेड लागलंय का? उगार लागून गेल्यावर तीन-चार आठवड्यांनी असं होतं! आमच्याकडे दुकानात एक बाई यायची, तिच्या नवऱ्याला झालं होतं. पण ते जबर लागलेल्यांना होतं, बेशुद्ध पडलेल्यांना. आईला तर अर्धाच तास..."

मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

२६ फेब्रुवारी

ताया येऊन आईला शहरात घेऊन आली, मीही इथेच आहे. इस्पितळाजवळच तायाची खोली आहे. मोठ्या यंत्रात घालून मेंदूचे फोटो काढले. रिम्मा अर्काद्येव्ना म्हणून डॉक्टरीणबाई आहेत, ठेंगण्या, सतत चष्मा शोधणाऱ्या. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. आतले पांढरे पट्टे दाखवले. म्हणाल्या, उगार म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तो रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो, आणि मेंदू उपाशी राहतो. माणूस शुद्धीवर येतो, घरी जातो, बरा झाला असं सगळ्यांना वाटतं. आतली झीज नंतर उघडी पडते.

"बरी होईल?"

"काहीजण वर्षभरात बरेच सावरतात. काही नाही. आज शब्द देता येत नाही." कागद चाळत त्या पुढे म्हणाल्या, "मला फक्त एक समजत नाही. तालुक्याच्या कागदावर अर्धा तास, शुद्धीवर, असं आहे. अर्ध्या तासाच्या उगाराने असा फोटो मी कधी पाहिला नाही."

मी टोपी हातात फिरवत होतो. म्हणालो, झालं असेल थोडं जास्त.

५ मार्च

कुझ्माचा फोन आला. उचलला नाही.

लुशाला चमच्याने भरवतो. तोंड उघड म्हटलं की उघडते. आठवडा झाला, एक शब्द नाही. ताया कामावर गेली की आम्ही दोघंच. मी तिच्याशी बोलत बसतो, हवा, भट्ट्या, झिनोविया. परवा पत्ते आणले. तिच्या हातात दिले, ते सांडले. खाली वाकून एकेक गोळा करताना मला हुंदका आला. हरलेला मूर्ख मीच आहे, लुशा, म्हण ना एकदा.

११ मार्च

आज सांगितलं. जसं झालं तसं इथेही लिहितो.

रिम्मा अर्काद्येव्नांच्या खोलीत आम्ही तिघं, लुशा खिडकीजवळच्या खुर्चीत. त्या कसलातरी मोठा कागद भरत होत्या, अपंगत्वाचा. म्हणाल्या, "शेवटचं विचारते. त्या सकाळी नक्की काय झालं?"

मी म्हणालो, "झडप बंद झाली आणि..."

त्यांनी चष्मा काढला. "येफिम सावेलिच, मी खेड्यातच वाढले. झडप बंद होत नसते. कुणीतरी करतं."

बाहेर व्हरांड्यात ट्रॉलीची चाकं कुरकुरत होती. ती लांब जाईपर्यंत मी थांबलो.

"मी केली. साडेआठला. लुशा म्हणाली होती, 'अजून निळं दिसतंय, येफिम, थांब जरा.' मी म्हणालो, 'गप, भट्टी मी बांधलीय की तू?' कुझ्मा भोंगा वाजवत होता. एकला आलो तेव्हा ती बेशुद्ध होती. किती वेळ, माहीत नाही. साडेचार तास त्यातच होती. तुमच्या त्या दाबाच्या खोलीत पाठवू नये म्हणून मी डॉक्टरला खोटं सांगितलं. भट्टीला सील लागू नये म्हणून."

आवाज माझाच होता, पण ओळखू येत नव्हता. मी विचारलं, "पाठवली असती तर?"

"हे टळलंच असतं असं नाही म्हणणार. संधी होती," एवढं म्हणून त्या लिहायला लागल्या.

तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला. बारा-तेरा दिवसांत पहिल्यांदा.

"मी लावली."

आम्ही दोघंही वळलो. लुशा डॉक्टरीणबाईंकडे बघत होती. शब्द घासत घासत येत होते. "झडप. मी लावली. त्याला... काही बोलू नका."

मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. म्हणालो, नाही गं, मी. मी लावली. तू नको म्हणत होतीस. ती मान हलवत राहिली. त्या सकाळचं तिच्याकडे तिचं असं काहीच उरलेलं नाही. होतं ते फक्त मी दिलेलं.

१६ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणतात, बोलली हे चांगलं लक्षण आहे, बोलत ठेवा. ताया माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं. कुझ्माला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, शहरातल्या माणसाला बोलावतो.

रोज सकाळी लुशाचे केस विंचरताना मी तिला सांगतो. हळू, एकेक शब्द. झडप मी लावली, लुशा. तुझा काही दोष नाही. ती ऐकते. कधी हात माझ्या डोक्यावर ठेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

आज पाचदा सांगितलं. पाचव्यांदा सांगताना माझा आवाज चढला, मला ते कळलंच नाही. ती खुर्चीत आक्रसली, उठून कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "रागावू नकोस, येफिम. पुन्हा नाही लावणार."